अक्काचे गुडघे आणि कात्राबाईची खिंड

डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो भिंतीवरच्या उजेडात लावले तेव्हा मी अक्काच्या शेजारीच बसले होते. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. एका घरात दोघी नांदलो, एका चुलीवर भांडलो. पुढे चुली दोन झाल्या आणि भांडायला अंगण ओलांडून जावं लागायला लागलं. तरी जात होतो. आता दोघींचेही मालक नाहीत, भांडायलाही दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून सकाळी कालव्याच्या कडेनं बरोबर फिरायला जातो.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. तोवर इंजेक्शन देतो, दोनेक महिने बरं वाटेल, पण त्याच्यापुढे ढकलू नका.

अक्कानं एकच विचारलं, "नव्या गुडघ्यांनी डोंगर चढता येतोय का?"

"आजी, घरात फिरा, देवळात जा, लग्नाकार्याला जा. डोंगर मात्र आता टीव्हीवर बघायचे."

जिन्यावरून उतरताना अक्का कठड्याला धरून थांबली. मला वाटलं, दुखतंय. ती म्हणाली, "मंग आधी जाऊन येऊ."

"कुठं?"

"खिंडीत."

कुठली खिंड, हे मला विचारावं लागलं नाही. अक्काचं माहेर अकोले तालुक्याच्या डोंगरातलं, मुळेच्या खोऱ्यातलं. आम्ही राहात्याकडच्या सपाटीवरचे, ऊस आणि पेरूवाले. लग्न होऊन ती इकडे आली, पण चाळीस-पन्नास वर्षांत तिनं त्या खिंडीचा विषय सोडला नाही. तिची आई गेली त्या वर्षी तिचा बाप तिला घेऊन कात्राबाईची खिंड ओलांडून रतनवाडीच्या महादेवाला चालत गेला होता. खिंडीत तिला उभी करून त्यानं सांगितलं, इकडं पडलेलं पाणी मुळेला जातं, तिकडं पडलेलं प्रवरेला. लहानगीनं तिथं तांब्यातलं पाणी दोन्हीकडं ओतून बघितलं म्हणे.  परतीचं प्यायचं पाणी संपलं, एवढंच झालं.

आमच्या उसाला येतं ते पाणी प्रवरेचं. भरणं चालू असलं की अक्का बांधावर उभी राहून म्हणायची, "ह्यातलं थोडं मी ओतलेलं हाय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा मी म्हटलं, "मग पाणीपट्टी तूच भर."

तर तिला त्या खिंडीत एकदा स्वतःच्या गुडघ्यांवर उभं राहायचं होतं. तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, ऑपरेशनची तारीख चैत्रातली घेतली होती, त्या हिशोबानं पुण्याच्या नोकरीत रजाही टाकली होती. इंजेक्शन आणि चैत्र यांच्या मधल्या फटीत आम्हाला खिंड बसवायची होती.

मी लगेच हो म्हटलं. त्याला कारण आहे.

माझं माहेर काष्टीचं. आमच्याकडे जमीन इतकी सपाट की बाजारातून सुटलेली शेळी संध्याकाळपर्यंत दिसत राहते. नवी नवरी असताना पहिल्याच उन्हाळ्यात अक्का मला तिच्या माहेरी घेऊन गेली आणि म्हणाली, चल, तुला खिंड दाखवते. मी तयार होऊन आले. काय तयारी ती! नायलॉनची गुलाबी साडी, उंच टाचेच्या चपला, पर्समध्ये पावडरचा डबा, आणि डोळ्यांवर नवऱ्याचा गॉगल, जो मला नाकावरून खाली घसरायचा. वाडी संपायच्या आत एक चप्पल तुटली. दुसरी मी हातात घेतली, कारण जोडीतली एक राहिली तर दुसरी शिवून घेता येईल, एवढी अक्कल मला होती. पहिल्या चढाला करवंदीच्या जाळीत पदर अडकला आणि मी बसून रडायला लागले. माणूस मेल्यासारखी रडले. अक्कानं पदर सोडवला, मला खाली आणलं, आणि सासरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं की ऊन लई होतं.

ती गुलाबी बया आज मला रस्त्यात भेटली तर मी ओळख देणार नाही. पण खिंडीचं नाव निघालं की तीच माझ्या आत गॉगल सावरत उभी राहते. म्हटलं, या वेळी तुला दाखवतेच.

तयारी या वेळीही जोरात झाली. आम्ही दोघींनी राहात्याच्या बाजारात जाऊन कापडी बूट घेतले. अक्कानं आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले, तेही नऊवारीखाली. तिला नाडी बांधता येईना. तिची गाठ पोत्याला मारतात तशी, नाहीतर सुटून जाणारी. मधलं काही नाही. मग मीच रोज वाकून बांधायची. कालव्याच्या कडेनं फिरणारी माणसं वळून बघायची. एकानं विचारलं, "काकू, पोलीस भरती हाय का?" अक्का म्हणाली, "व्हय, तुलाच धरायला आलोय."

मी मोबाईलवर डोंगरात फिरणाऱ्या पोरांच्या एका ग्रुपमध्ये शिरले. कुणीतरी विचारलं, अनुभव काय? मी लिहिलं, चाळीस वर्षांपूर्वी एक प्रयत्न. पोरांनी शाबासकीचे अंगठे पाठवले. त्यांच्याकडून वाट समजून घेतली: रतनवाडीहून निघायचं, कात्राबाईच्या खिंडीतून मुळेच्या खोऱ्यात उतरायचं, कुमशेतच्या बाजूनं पाचनईला, आणि तिथून हरिश्चंद्रगडावर देवळापर्यंत. पोरं हे दोन दिवसांत करतात. आम्ही सावकाश, चार-पाच मुक्काम करत करायचं ठरवलं. अक्काच्या माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, पण खिंडीखाली मुळेच्या बाजूच्या त्याच वाडीत एक बाई घरगुती मुक्काम देते, तिचा नंबर मिळाला. फोनवर ती म्हणाली, "या की आजी. भाकरी, पिठलं, झोपायला पडवी. बाकी डोंगर हाय."

आणि शिमग्याच्या आसपास रतनवाडीच्या वरच्या रानाला वणवा लागला. वनखात्यानं तिकडची वाट बंद केली.

मी घाबरले नाही. आग मला काय नवीन होती? ऊस तुटून गेला की फडात वाळल्या पाल्याचं पाचट उरतं, ते आम्ही वर्षानुवर्षं पेटवत आलो. आता पेटवू नका, कुजवा म्हणतात, ते वेगळं. पण आमच्या उमेदीत पदर खोचून, वाऱ्याकडं पाठ करून काडी लावायची आणि बांधावर उभं राहायचं. आग धावत जाते, पाटाशी येते आणि मुकाट बसते. दुसऱ्या दिवशी फड काळा आणि मोकळा. म्हणून मी ग्रुपवर पोरांना धीर दिला: बाळांनो, जळालं की मोकळं होतं, दोन दिवस थांबा.

दोन दिवसांनी आग डोंगराच्या वरच्या धारेवर गेली होती.

मी बेत उलटा केला. म्हटलं, आधी पाचनईकडून सुरुवात करू, खिंडीत पोचेपर्यंत तिकडचं विझेल. अक्का म्हणाली, "तुला कळतंय तसं कर." मुक्कामवाल्या बाईला फोन करून दिवस बदलले. बॅगा भरल्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला, पाचनईच्या वरच्या अंगालाही धूर. तिकडचीही वाट बंद. बॅगेतले शेंगदाण्याचे लाडू आम्ही घरीच बसून खाल्ले.

मग गड सोडला. देऊळ सोडलं. म्हटलं, नुसती खिंड. मुळेच्या बाजूनं वाडीपर्यंत गाडीनं जायचं, तिथून वर चढायचं, दोन्हीकडं पाणी बघायचं आणि त्याच वाटेनं खाली. लांबच्या वाटेतून छाटत छाटत एवढंच उरलं होतं, गाभ्याएवढं. इकडे अक्का सकाळी उठताना पुन्हा "आई गं" म्हणायला लागली होती. इंजेक्शन उतरत होतं.

पुतण्याला फोन लावला. म्हटलं, तारीख थोडी पुढं घेतोस का?

"काकू, मिळालेली तारीख सोडली तर पावसाळा येईल. आणि तुम्ही दोघी तिथं वणव्यात कशाला जाताय?"

"वणव्यात नाही. वणव्याच्या मागनं."

त्यानं माझं पुढचं न ऐकताच फोन ठेवला. त्याच्या बापाचीही हीच सवय होती.

शेवटी गाडी करून गेलोच. राजूर सोडलं तसा काचेवर हलका राखाडी थर बसायला लागला. ड्रायव्हरनं पाणी मारून काच पुसली की पुन्हा. अक्का खिडकीतून एकेका डोंगराकडं बोट दाखवत होती आणि दर वेळी नाव सांगायच्या आधी थांबत होती, कारण तो काळा होता. हिरडे, करवंदी, वाळलेली कारवी, सगळं एकाच रंगाचं. मधेच एखादं झाड हिरवंच्या हिरवं उभं, आग त्याला विसरल्यासारखं.

वाडीत पोचलो तर खिंडीच्या वाटेला दोरी बांधलेली. मधोमध पुठ्ठ्यावर लिहिलेलं: वणवा, वाट बंद. सकाळीच बांधली होती. रात्री वारा फिरला आणि आग धार उतरून इकडच्या अंगाला आली होती.

मुक्कामवाली अंगणात पिंपात पाणी भरत होती. वयानं आमच्या सुनांएवढी. आम्हाला बघून म्हणाली, "आलाच का? मी फोन लावत हुते, लागंना." तिचा नवरा आणि वाडीतली बाप्ये सगळे वर गेले होते, हातात ओल्या डहाळ्या घेऊन. वनखात्याची माणसं पाठीवर वारा सोडायचं यंत्र अडकवून गेली होती. बाया डोक्यावर पाणी घेऊन जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत जात होत्या.

"कुणी लावला?" मी विचारलं.

"काय सांगावं. कुणी म्हणतं बिडी, कुणी म्हणतं गवत चांगलं यावं म्हणून लावला. कुणाचा राब भाजताना उडाला आसंल." भाताचं रोप टाकायच्या आधी जागा पालापाचोळा घालून भाजतात, त्याला राब म्हणतात. "आमचा न्हवं," तिनं लगेच जोडलं. मग म्हणाली, "आमचे हिरडे व्हते वर. त्याच्यावर पोरांच्या वह्या-पुस्तकं निघायची."

आम्ही काय करणार? पाणी उचलायला गेले तर एका पोरीनं माझ्या हातातून हंडा काढून घेतला. "आजी, तुमी बसा." मग आम्ही दोघी बसून वरच्यांसाठी कांदे चिरले. धुरानं डोळ्यांत पाणी येतच होतं, कांद्याची वेगळी गरज नव्हती. समोर डोंगरावर दिवसाउजेडी आगीची बारीक ओळ दिसत होती, कुंकवाचं बोट ओढल्यासारखी. ती हलताना दिसायची नाही. पण एक कांदा चिरून वर बघावं तर पुढं सरकलेली असायची.

मी मनात तिला अडवायला पाट शोधत होते. डोंगराला पाट नसतो. वाट पायाएवढी रुंद, ती आग पोरासारखी उडी मारून ओलांडते. उतारावर गवत नसून शिडीच असते तिच्यासाठी. एवढी साधी गोष्ट मला त्या पडवीत बसून दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या वरचा भाग विझला होता. बाप्ये येऊन काळी तोंडं न धुताच झोपले होते. दोरी तशीच होती. मी अक्काला म्हटलं, "चल."

"दोरी हाय."

"दोरी आगीला बांधलीय. आग पुढं गेली. जळालेलं दोनदा जळतं का? आपल्या फडात आपण दुसऱ्या दिवशी..."

"तुझा फड घाल चुलीत," अक्का म्हणाली. पण तिची नजर खिंडीकडं होती. खिंड तिथून दिसते, दोन डोंगरांच्या मधली खाच. धूर त्या खाचेतून पलीकडं जात होता, प्रवरेकडं.

मी तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. मुक्कामवाली गोठ्यात होती. आम्ही दोरीच्या खालून गेलो, दोन चोर वाकून जावेत तशा, फरक एवढाच की चोरांना परत सरळ होताना एकमेकांचा हात लागत नाही.

सुरुवातीला खरंच सोपं वाटलं. काटे नाहीत, जाळ्या नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी जिनं माझा पदर धरला होता ती करवंदी तिथं नुसती काळ्या काड्यांची. मी तिला म्हटलंसुद्धा, "आता बोल." अक्का काठी टेकत माझ्यापुढं चालत होती. एकेका पावलाला राख उडून पदराला बसत होती. मधे मधे जमिनीतून, मुळांच्या भोकांतून धूर येत होता. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

मग वरून आवाज आला. कुणी खुर्ची सरकवावी तसा. गवतानं धरून ठेवलेले दगड गवत जळाल्यावर मोकळे होतात, हे मला माहीत नव्हतं. आमच्या फडात दगडच नसतात. डोक्याएवढा एक दगड उड्या मारत आला, आमच्या पुढच्या वळणावर आपटला आणि खाली गेला. त्याच्यामागून छोटे छोटे, बराच वेळ.

मी अक्काचा दंड धरला होता. की तिनं माझा, आठवत नाही.

दगड थांबले. मी म्हटलं, "गेले सगळे. चल, थोडंच राहिलंय."

थोडंच राहिलं नव्हतं. आम्ही वाडीच्या कौलांपासून हाक येईल एवढ्याच वर होतो.

अक्का खाली बसली. राखेत, नऊवारीसकट. तिच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती. ती नाडीकडंच बघत म्हणाली, "माघारी फिरू."

"अक्का, परत कधी येणार? तारीख..."

"मला ठावं हाय तारीख. माझेच गुडघं हायेत."

"मग?"

"तुला काय झालं तर खाली जाऊन सांगू काय? ऊन लई हुतं म्हनून?"

 मला तिच्यावर राग आला, दगडावर आला, काडी लावणाऱ्यावर आला, आणि त्या गुलाबी साडीवाल्या बयेवर तर इतका आला की ती असती तर तिच्याच चपलेनं हाणली असती. चांगला धडधाकट डोंगर होता तेव्हा, हिरवा, आणि अक्काचे गुडघे बैलासारखे. तेव्हा ही बया पदरासाठी रडत होती.

मी वाकून नाडी बांधली. उतरताना अक्काचे गुडघे वाजत होते, ऐकू येत होते. ती बाजूनं, खेकड्यासारखी, एकेक पाऊल उतरत होती. एकदाही तिनं मागं वळून खिंडीकडं बघितलं नाही. मीच बघत होते.

खाली दोरीशी मुक्कामवाली कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं दोरी वर उचलून धरली, आम्हाला वाकायला लागू नये म्हणून. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं.

आणखी दोन दिवस आम्ही पडवीत काढले. रोज सकाळी दोरी बघायची. बंद. दुपारी कुणीतरी वरून येऊन सांगायचं, या अंगाला विझली, त्या अंगाला लागली. रात्री ती ओळ कशी दिसायची, ते सांगत नाही. शेवटी गाडी बोलावली. निघताना अक्कानं बूट काढून झटकले, पडवीच्या कोनाड्यात जोडीनं ठेवले आणि चपला घातल्या. मुक्कामवाली म्हणाली, "आक्का, बूट ऱ्हायलं."

"असू दे. पुन्हा यायचंच हाय. कशाला वज्जं न्यायचं आणि आनायचं."

गाडीत मी तिच्याकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर सगळा काळा डोंगर.

ऑपरेशन ठरलेल्या दिवशी झालं. दोन्ही गुडघे नवे, चकचकीत. फोटोत बघितले, ट्रॅक्टरच्या सामानासारखे दिसतात. अक्का वॉकर घेऊन अंगणात चालायला लागली. तुळशीपासून गेटापर्यंत आणि परत. व्यायाम घ्यायला येणारी पोरगी म्हणते, आजी फार छान. अक्का तिला म्हणते, "छान काय, इथं चढच न्हाई."

परवा तिचा व्यायाम चालला होता आणि माझा फोन वाजला. मुक्कामवाली. वाट खुली झाली म्हणाली. दोरी सोडली, वर कोंब फुटलेत, पोरं यायला लागलीत. "तुमी कदी येताय?"

मी फोन अक्काच्या कानाला लावला. हात वॉकरवर अडकलेले, म्हणून मीच धरून उभी राहिले. पलीकडचं मला ऐकू येत होतं. वाट खुली झाल्याचं तिनं पुन्हा सांगितलं. मग जरा अडखळत म्हणाली, "आक्का, तुमचे बूट हायेत आजून. पुसून ठिवलेत. आमच्या सासूबाई गुरांमागं वर जात्यात, अनवानी. खिंडीपतोर जात्यात कदी कदी. त्यांनी घालून बगितलं, बसत्यात. पर तुमी येनार म्हनलात, म्हनून म्या म्हनलं, इचारल्याबिगर न्हाई."

अक्का गेटाकडं बघत राहिली. वॉकरचा एक पाय फरशीच्या फटीत अडकला होता. मी वाकून तो सोडवावा की फोन धरावा, मला कळेना.

"घालू दे तिला," अक्का म्हणाली. "पडून खराब हुत्यात. फकस्त नाडी आवळून बांदाय सांग. डाव्या पायाची सुटतीया."